कावळे १४ (की १३?)

दुपारी धुवायला टाकायच्या पँटचे खिसे चाचपताना एक चुरगळलेली चिठ्ठी निघाली. ‘ढोकरी ४, शेकाट्या २३, खंड्या १, कावळे १४’. चौदाच्या पुढे बारीक ‘१३?’. अक्षर माझंच.

रविवारी पहाटे सीवूड्सच्या तळ्याकाठी पक्षी मोजायला गेलो होतो. फेब्रुवारीतल्या चार दिवसांची जगभरची गणना ही. अमेरिकेत १९९८ला सुरू झाली, आपल्याकडे २०१३पासून होते. निदान पंधरा मिनिटं बघायचं, दिसेल ते मोजायचं, ॲपवर चढवायचं. भरती होती, त्यामुळे खाडीतले फ्लेमिंगो तळ्यात येऊन उभे. त्यांचं सोपं असतं. दहांचा एक ठोकळा नजरेत बसवायचा आणि तो थव्यावरून पुढे पुढे सरकवत न्यायचा. अडीचशेवर सगळ्यांचं एकमत झालं.

घोडं अडलं ते कावळ्यांपाशी.

“काका, हा मघाचाच आहे,” सोबतची शाळकरी मुलगी म्हणाली.

“कशावरून?”

“बघतोय कसा बघा ना!”

बिरबलाचं बरं होतं. कमी भरले तर पाहुणे गेलेत, जास्त भरले तर पाहुणे आलेत. आमच्या ॲपवर पाहुण्यांचा रकाना नाही.

आजीला मात्र मघाचा कोण ते नेमकं कळायचं. नौपाड्याच्या चाळीत ती रोज जेवणाआधी गॅलरीच्या कठड्यावर भाताची मूद ठेवायची. कावळे चार-पाच यायचे, पण घास एकाचाच. डाव्या पायाचं बोट वाकडं असलेल्याचा. बाकीच्यांना “तुझा नाही रे मेल्या” म्हणत पदराने हाकलायची. तो येईपर्यंत पानं वाढली जायची नाहीत. आजोबा घड्याळाकडे बघायचे, आम्ही आमटीच्या पातेल्याकडे. माझ्या घाईघाईने जेवायच्या सवयीचं मूळ तिथेच असावं.

एकदा तो तीन दिवस फिरकला नाही. चौथ्या दिवशी मुदीवर दुसराच येऊन बसला, सगळी बोटं सरळ असलेला. आजीने पदर उचलला नाही. थोडा वेळ बघत राहिली, मग आत येऊन म्हणाली, “चला, पाटावर बसा.”

ॲपवर मी शेवटी १४ भरले. मुलीला ते पटलेलं नाही.

आत्ता स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर एक येऊन बसलाय. पाय दिसत नाहीत. एसीच्या डब्याआड आहेत.