लेकीच्या सैन्याला रंग

आज पावसाने उघडीप दिली, म्हणून गच्चीत बसून लेकीच्या बोर्डगेममधल्या योद्ध्यांच्या चिमुकल्या पुतळ्यांना प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारून घेतला. नाशिकच्या पावसाळी दमट हवेत स्प्रे मारला की पांढुरकी झाक येते, त्यामुळे उन्हाची वाटच पाहत होते. जेमतेम २८ मिलिमीटरची माणसं. चेहरा तुरीच्या डाळीएवढा! अ‍ॅक्रिलिक रंग पाण्याने पातळ करून दोन हात दिले, मग काळपट तपकिरी वॉश, म्हणजे अगदी पातळ गडद रंग. तो आपसूक खाचांत उतरतो आणि चिलखताची कडी न् कडी उठून दिसते. मला हेच काम सगळ्यात आवडतं. ढाली मात्र लेकीच्या हुकमाने गुलाबी. वरून मॅट वार्निश हवंच, नाहीतर मुलांच्या हातात रंग टिकत नाही. शोकेससाठी नाहीतच हे. उद्या गंगापूर रोडची भाचरंडं येतायत, लढाई आमच्या हॉलमध्ये.