तुम्ही विचारलंत म्हणून : काजव्यांच्या रात्री बंद का केल्या?

लग्नात, एसटीत, बँकेच्या रांगेत एकच प्रश्न : "तुमचं निसर्ग केंद्र एवढं जोरात होतं, काजवे दाखवणं का बंद केलंत?" आता एकदाच लिहून टाकतो.

पैशांचा घोळ झाला म्हणून नाही. हिशेबाची वही समाजमंदिराच्या खोलीत खुंटीला टांगलेली आहे, कुणीही उघडावी.

तो जूनमधला शनिवार. चाळीस माणसांची नोंद होती. भंडारदऱ्याकडून गाड्यांची रांग संपेना. आमचे नियम साधे : गाडी माळावरच लावायची, बॅटरीला लाल जिलेटीन, बोलायचं नाही. ओढ्याकाठचा हिरडा एका लयीत पेटत-विझत होता. नर मादीला खुणावतो, मादी उत्तर देते. त्यासाठी त्यांच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे. एक जीप थेट खाली उतरली आणि दिव्यांचा झोत झाडावर पडला. झाड विझलं.

तेवढ्यात एका पाहुण्याने मुलीसाठी बाटलीत काजवे भरले. आमचा वाटाड्या पोरगा, अकरावीतला, आम्हीच तयार केलेला. त्याने बाटली घेतली, झाकण काढलं, गवतावर उपडी केली. पाहुणा त्याच्यावर खेकसला. आणि मी पाहुण्याची माफी मागितली. पोराची नाही. आठ माणसांचे पैसे भरले होते त्याने, हे माझ्या डोक्यात होतं. पोरगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही.

ग्रामसभेत मीच छातीठोक सांगितलं होतं, "लोक बघतील तर जपतील." तो मी आज भेटला तर त्याच्याशी भांडेन. पण तो विचारेल, "मग शाळेच्या पोरांना तरी कशाला नेतोस?" उत्तर नाही. आता पावसाळ्यात दिवसा नेतो, ओल्या पाचोळ्यात गोगलगाय खाणारी काजव्याची अळी दाखवतो. चमचम नाही, म्हणून गर्दी नाही. विजेचं बिलही सुटत नाही त्यात.

बचत गटाच्या बाया अजून बोलून दाखवतात. पिठलं-भाकरीवर त्या पंधरा दिवसांत वर्षाचं तेल-मीठ निघायचं. त्यांचं खोटं नाही. गाड्याही थांबल्या नाहीत, पुढच्या गावात वळल्या. तिथल्या हिरड्यांचं काय, हे मला विचारू नका. म्हणजे विचारा, पण मी गप्प बसेन.

तो पोरगा तिथेच पार्किंगची पावती फाडतो. गेल्या जूनमध्ये भेटला. "सर, आपलं कधी चालू करताय?"

"बघू, पाऊस पडू दे," म्हणालो. पाऊस पडला की काजवे संपतात, हे त्याला मीच शिकवलेलं.