चिंगी व्याली!

आमची चिंगी म्हणजे रस्त्यावरून आणलेली गावठी कुत्री, नसबंदीची तारीख घ्यायला गेलो तर डॉक्टर म्हणाले अहो ही पोटुशी आहे. कुत्रीचे दिवस साधारण 63, त्यातले निम्मे तर गेलेच होते. आई लगेच कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन तयार, पण डॉक्टरांनी सक्त मनाई केली, आधीपासून वरून दिलं तर पुढे दूध पाजताना उलट अंगातलं कॅल्शियम उतरून झटके येऊ शकतात म्हणे. 55 दिवसांनंतर एक्सरे काढला, पाच पिल्लं मोजली. (आली सहा!)

शेवटच्या आठवड्यात रोज टेंपरेचर बघायचो, 99 फॅरनहाइटच्या खाली गेलं की साधारण 24 तासांत पिल्लं. रात्री 98.4 दिसलं आणि पहाटे बाईसाहेब मी हौसेने केलेलं खोकं सोडून माझ्या धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर व्याल्या.

सहावं अगदीच बारकं, किचनच्या काट्यावर 180 ग्रॅम. मग काय, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, रोज वजन, दर दोन तासांनी पिल्लांचं पावडरचं दूध, तेही पोटावर ठेवून, उताणं करून पाजलं तर फुप्फुसात जातं. बाराव्या दिवशी डोळे उघडले. आईने त्याचं नाव बटाटा ठेवलंय, म्हणजे ते आता कुणाला द्यायचं नाहीये.