आमच्याकडं एन्क्रिप्शनच नाही, मग कसला धोका?

नाशिकच्या सातपूर, अंबडमधल्या छोट्या कंपन्यांत विंडोज अपडेटचा विषय काढला की हे उत्तर ठरलेलं. शेठ लोकांचं सोडा, त्यांचे आयटीवाले पण हेच म्हणतात.

विषय विंडोजच्या ईएफएसचा, एन्क्रिप्टिंग फाइल सिस्टीम. विंडोज २००० पासून आहे ती. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एक टिक मारली की फाइली लॉक (एन्क्रिप्ट), म्हणजे दुसऱ्याला वाचता न येणाऱ्या, एक्सप्लोररमध्ये नावं हिरवी दिसायची. विंडोजचंच बिटलॉकर आख्खी ड्राइव्ह लॉक करतं, हे फाइलीपुरतं. आता खरं सांगायचं तर हे वापरतं कोण? मला तरी इकडं फार कुणी दिसलं नाही.

पण १४ डिसेंबर २०२१ ला मायक्रोसॉफ्टनं यातलंच एक भोक बुजवलं, नोंद क्रमांक सीव्हीई-२०२१-४३२१७, धोक्याचा स्कोअर १० पैकी ८.१. बफर ओव्हरफ्लो, म्हणजे मेमरीत ठेवलेल्या जागेपेक्षा जास्त डेटा आत ढकलायचा, तो शेजारच्या जागेत सांडतो, आणि सांडणाऱ्यानं नीट हिशेब करून सांडला तर मशीन त्याचाच कोड चालवायला लागतं, तेही नेटवर्कवरून आणि लॉगिन न करता! जमवणं अवघड म्हणून ८.१, सोपं असतं तर ९.८ गेला असता.

आणि मेन गोष्ट इथं आहे. ईएफएस वापरात असायलाच पाहिजे असं नाही, हे मायक्रोसॉफ्टनंच लिहिलंय. ईएफएसची सर्व्हिस बंद असली तरी तिच्या इंटरफेसला बाहेरून कॉल गेला की ती आपोआप सुरू होते. वॉचमन झोपलाय म्हणून गेट बंद समजायचं आणि बेल वाजवणाऱ्याला तोच उठून गेट उघडून देतो, तसला प्रकार.

बरेच जण याला पेटिटपोटॅम नावाचा हल्ला समजतात. ते जुलै २०२१ चं, जिल लिओनेल या फ्रेंच रिसर्चरनं दाखवलेलं. दार तेच, ईएफएसआरपीसी, म्हणजे ईएफएसला नेटवर्कवरून कॉल करायचा रस्ता, पण त्यात कोड चालत नाही, डोमेन कंट्रोलरला, म्हणजे ऑफिसची सगळी लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरला, हल्लेखोराच्या मशीनकडं ऑथेंटिकेट करायला, म्हणजे स्वतःची ओळख पटवायला लावतात. पाच महिन्यांत त्याच कोपऱ्यात दोनदा गडबड, तरी डिसेंबरवाल्याची चर्चाच झाली नाही कारण त्याच आठवड्यात लॉगफोरजे या जावा लायब्ररीतलं भोक पेटलं होतं आणि सगळे तिकडं पळत होते.

डिसेंबरच्या भोकाचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, दोन टप्प्यांत होता, आणि ईएफएसच्या कनेक्शनचे नियम कडक केले असल्यानं सर्व्हर न् पीसी दोन्ही अपडेट लागतात, एकच करून भागत नाही.

खरी डोकेदुखी सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनला जोडलेल्या विंडोज ७ वाल्या पीसींची. सपोर्ट जानेवारी २०२० लाच संपला, त्यानंतरचे पॅच पैसे भरणाऱ्यांनाच मिळायचे, तेही जानेवारी २०२३ पर्यंतच. मशीनचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही म्हणून बदलताही येत नाही, ही अडचण मला मान्य आहे. पण मग निदान ते पीसी ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळे काढा, विंडोजच्या फाइल शेअरिंगचा ४४५ पोर्ट मधे अडवा. टॅली चालतं तोच नेटवर्क स्विच आणि त्यालाच सीएनसी, हे मात्र अजिबात नको.