वॉटर कूलिंग घेऊ की फॅनचा कूलर?

"दादा, आपल्याकडं ऊन लई. कॉम्प्युटरला वॉटर कूलिंगच टाकू ना?" मार्च लागला की परभणीतल्या माझ्या दुकानात हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुतेक लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे. लग्नसराई आणि उन्हाळा आपल्याकडे एकदमच येतात, आणि पत्र्याच्या खोलीत भर दुपारी रेंडर, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवायचं काम, लावावं लागतं. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

पाण्याकडून आपली अपेक्षा घरातल्या कूलरवरून ठरलेली असते. तिथे ओल्या गवतातून हवा जाते, पाण्याची वाफ होते आणि हवा खरोखर गार होते. कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगमध्ये असं काही घडत नाही. पाणी बंदिस्त असतं. पंप ते प्रोसेसरवरच्या तांब्याच्या ब्लॉकमधून फिरवतो, तापलेलं पाणी रेडिएटरमध्ये जातं आणि फॅन ती उष्णता खोलीच्याच हवेत सोडतात. खोलीत 40 अंश असतील तर रेडिएटर कितीही मोठा घ्या, पाणी 40 च्या खाली उतरणार नाही. आणि मे महिन्यात आपला पारा 42-43 ला जातो.

प्रोसेसरवर बसणाऱ्या फॅनच्या कूलरच्या आतही थोडं पाणी असतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्याच्या तांब्याच्या हीट पाइपमध्ये कमी दाबाखाली ते सील केलेलं असतं. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, अॅल्युमिनियमच्या पत्र्यांकडे ती निवते आणि पाइपच्या आतल्या सच्छिद्र थरातून पाणी परत खाली येतं. सगळं पंपाशिवाय! बिघडेल तर फॅन बिघडेल, आणि 120 मिलिमीटरचा फॅन कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतो.

रायझन 5 7600 हा प्रोसेसर घेतलात तर तो भरात असताना 88 वॉटच्या आसपास वीज घेतो. त्याला दोन-अडीच हजारांचा टॉवर कूलर, म्हणजे असाच उंच फॅनचा कूलर, पुरतो, मे महिन्यातही. कोअर आय9-14900के मात्र 253 वॉटपर्यंत जातो. तो तासन्‌तास पूर्ण जोरात चालवायचा तर 360 मिलिमीटरचा रेडिएटर लागतो, तिथे मी स्वतः वॉटर कूलिंग सुचवतो. लाइव्ह शूटिंगसाठी गाडीत घालून गावोगाव न्यायचं मशीन असेल तरीही, कारण जड टॉवर मदरबोर्डवर लटकलेला असतो आणि आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत.

बाकीच्यांना मी नको म्हणतो, आणि ते पैसे वाचवायला नव्हे. ऐन सीझनमध्ये पंप बंद पडला की वॉरंटीसाठी सगळं युनिट मोठ्या शहरात जातं आणि तेवढे दिवस तुमचं काम अडतं. रबरी नळ्यांमधून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी उडतही असतं. तुमच्या पोटापाण्याचं मशीन अशा भागावर अवलंबून ठेवायला माझं मन होत नाही.

वाचलेले पैसे जाळीच्या कॅबिनेटवर आणि चांगल्या फॅनवर घाला. काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगच्या बाजूला असाल तर कापसाचे तंतू, हेच आपल्याकडचे खरे शत्रू आहेत. ते कूलरच्या पत्र्यांत बसतात तसे रेडिएटरमध्येही बसतात. दर महिन्याला ब्लोअर मारा, मारताना फॅन बोटाने धरून ठेवा. घरचा कूलर खोलीत जरूर लावा, खिडकी उघडी ठेवा, पण त्याचा झोत कॅबिनेटवर येऊ देऊ नका. थेंब उडतात आणि बोअरच्या पाण्यातले क्षार बोर्डावर बसतात. उन्हाळ्यापुरती बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरची वॉट मर्यादा कमी केली तर रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो, पण तापमान चांगलंच उतरतं. आणि 90 चा आकडा दिसला म्हणून घाबरू नका. 7600 ची मर्यादा 95 अंशांची आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो.

लातूरकडचे लोक हमखास विचारतात, यात पाणी भरत राहावं लागतं का? 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या गावाने हे विचारणं साहजिक आहे. तयार युनिटमध्ये पाणी कारखान्यातूनच भरून येतं, वरून घालावं लागत नाही. घेतलंतच तर रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावा. पंप सगळ्यात उंच राहिला तर आतली हवा त्यात अडकते, आवाज येतो आणि पंप लवकर जातो.