परत आलेला पालक

चोपडा तालुक्यातलं तापीकाठचं शेत, डिसेंबरचा महिना. सकाळी नऊला पोचलो तेव्हा आप्पा टेम्पोतल्या पालकाच्या जुड्या उतरवून गोठ्याकडे नेत होते. भाजी वाळवून पूड करणाऱ्या कारखान्याने माल परत पाठवला होता. अहवालात नायट्रेट (पीक मातीतून नत्र मुख्यतः ज्या रूपात ओढतं ते) किलोला ४,६५० मिलिग्रॅम. खरेदीदाराची अट मात्र युरोपात ताज्या पालकाला लावतात ती, ३,५००. फेकण्यापेक्षा म्हशींच्या पोटात गेलेला बरा, असा आप्पांचा हिशेब.

तो आधी थांबवला. पालकात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे सुक्या वजनावर हे नायट्रेट साडेचार टक्क्यांच्या वर गेलं. सुक्या चाऱ्यात एक टक्कासुद्धा धोक्याचा धरतात. जनावराच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तात उतरलं की रक्त चॉकलेटी पडतं आणि प्राणवायू वाहून नेईनासं होतं. भुकेल्या जनावराने भरपूर खाल्लं तर तासाभरात आडवं. त्यात रात्रभर ओल्या गोणपाटाखाली दडपलेला हा ढीग हाताला गरम लागत होता. अशा ढिगात जिवाणू नायट्राइट तयार करायला लागलेलेच असतात. म्हशींना कडबा टाकला, पालक खताच्या खड्ड्यात.

मग युरियाचा विषय. “एकच गोनी टाकेल शे, भाऊ.” आप्पा खोटं बोलत नव्हते. एकराला ४५ किलोची एक गोणी म्हणजे २०.७ किलो नत्र, हे काही अतोनात नाही. चूक वेळेची होती. पहिल्या कापणीनंतर गोणी टाकली आणि नवव्या दिवशी दुसरी कापणी. युरियाचं अमोनियम काही दिवसांत होतं, त्याचं नायट्रेट व्हायला आणखी आठवडा-दोन आठवडे लागतात. विळा चालला तो नेमका नायट्रेट मुळांपाशी भरात असताना. दोन हप्ते करायला हवे होते, शेवटचा कापणीच्या निदान पंधरा दिवस आधी.

पण एवढ्याने ४,६५० होत नाही. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट रंगावरून दाखवणारी चाचणीपट्टी बुडवली, तर लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रेट दाखवलं. एकराला पाच सेंटिमीटरचं एक पाणी म्हणजे दोन लाख लिटर, त्यातून वीस किलो नायट्रेट, म्हणजे साडेचार किलो नत्र. दर पाळीला दहा किलो युरिया फुकट! तीन पाळ्या झाल्या होत्या. आणि जमीन? जूनपर्यंत तिथे केळी उभी होती. केळीला शिफारसच झाडाला २०० ग्रॅम नत्राची; दीड बाय दीड मीटरवर एकरी १,७७० च्या पुढे झाडं, म्हणजे साडेतीनशे किलो नत्र. ते सगळं काही घडांत जात नाही. केळीमागे पालेभाजी घेणाऱ्याने माती तपासल्याशिवाय गोणीला हात लावू नये, असं माझं मत आहे.

(त्याच विहिरीचं पाणी सालदाराच्या घरी पितात आणि घरात तीन महिन्यांचं बाळ आहे, हे बोलता बोलता कळलं. पिण्याच्या पाण्यात मर्यादा ४५ मिलिग्रॅमची. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून दाट होतं. बाळासाठी दुसरीकडून पाणी आणायला सांगितलं.)

खरी गोष्ट दहाच्या सुमारास दिसली. पाच दिवसांचं ढगाळ त्या दिवशी फाटलं, ऊन पडलं आणि अर्ध्या वाफ्यांवर सावली तशीच राहिली. दक्षिण-पूर्वेला शेजाऱ्याची केळी, तिच्या कडेला वाऱ्यासाठी लावलेली उंच शेवरी. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, सावली लांब पडते. परत आलेला माल याच पट्टीतला, तोही पहाटे कापलेला. नायट्रेट मोडणारं नायट्रेट रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) उजेडावर चालतं. मुळं रात्रीही ओढत राहतात, पान मात्र मोडत नाही, मग ते पेशीच्या पोकळीत साठतं. म्हणून पहाटेचा पालक सर्वांत भरलेला आणि दुपारनंतरचा हलका.

दोन्ही भागांतून पाने घेतली. दहा ग्रॅम बारीक चिरून नव्वद मिलिलिटर गरम डिस्टिल्ड पाण्यात, गाळून पट्टी. उन्हाच्या भागाची २५० वर आली. दहाने गुणलं, अडीच हजार. सावलीच्या भागाची ५०० च्या शेवटच्या रंगाला टेकली. अर्क निम्मा पातळ केला तेव्हा २५०, म्हणजे पाच हजार. पट्टी ढोबळच सांगते, पण दुपटीचा फरक ती चुकवत नाही. मग देठ वेगळे केले. देठांच्या अर्कात पट्टीचा रंग पात्यांपेक्षा कितीतरी गडद. नायट्रेट पाण्याबरोबर देठातूनच चढतं. टोमॅटो-वांग्याच्या फळात ते फारसं पोचत नाही, कारण फळाला अन्न मुख्यतः पानांकडून येतं.

दुकानदाराने आप्पांना मॉलिब्डेनमची फवारणी सुचवली होती. विकराला मॉलिब्डेनम लागतं हे खरं, पण तापीकाठच्या या विम्लधर्मी (अल्कलाइन) काळ्या जमिनीत ते सहसा कमी पडत नाही. पैसे वाचवले. शेजारचा सेंद्रिय मेथीचा वाफाही सहज तपासला, तोही भरलेला निघाला. ताजं कोंबडखत दाबून घातलं होतं. पिकाला नत्र गोणीतलं की खुराड्यातलं, हे कळत नाही.

उरलेल्या उभ्या पिकाला युरिया बंद. पाणी तोडलं नाही, कारण ताण बसला की वाढ थांबते आणि नायट्रेट साचतं. सलग चार दिवस ऊन मिळाल्यावर उन्हाचा भाग दुपारी चारनंतर कापला, देठ आखूड ठेवले, जुड्या क्रेटमध्ये मोकळ्या भरल्या, वर ओलं गोणपाट नाही. नमुना आधी कारखान्याकडे पाठवला, अहवाल २,१०० चा आल्यावरच टेम्पो सुटला. शेवरीकडच्या पट्टीत आप्पांनी पालक मोडून नांगर घातला.