ड्यूपेज नदीतला लाल डोळ्यांचा पहिलवान
बोट नको, पाण्यातले मासे दाखवणारा फिशफाइंडर नको. अमेरिकेतल्या इलिनॉयच्या ड्यूपेज नदीत उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यात उतरलं तरी स्मॉलमाउथ बास हा मासा मिळतो. धोंड्याच्या आडोशाला, वेगवान आणि संथ पाण्याच्या सीमेवर तो दबा धरून बसतो. क्रेफिश (झिंग्यासारखा नांग्यांचा छोटा जलचर) वाहत आला की गट्टम! म्हणून मी तपकिरी ट्यूब जिग, म्हणजे वजनदार गळावरचं नळीसारखं मऊ आमिष, प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकतो आणि तळाला ठेचकाळत खाली येऊ देतो. दोरी जराशी बाजूला सरकली की झटका द्यायचा. मग लालभडक डोळ्यांचा, अंगावर उभे पट्टे असलेला गडी थेट हवेतच उडी घेतो. याच्याच भाऊबंदाचे, लार्जमाउथ बासचे चाहते असलेले मित्र रागावतील, पण ताकदीत हाच सरस. वसंतात मात्र नर घरट्यावर राखण करत असतो. त्याला उचललं की बाकीचे मासे अंडी फस्त करतात, म्हणून तेव्हा त्या उथळ जागांकडे मी फिरकतच नाही.